संदेश परदेशातून, तक्रार इथे

नकोसा संपर्क परदेशातून येऊ लागला की कायद्यापुढे दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. पाठवणाऱ्यावर भारतातल्या न्यायालयाचा अधिकार चालतो का, हा पहिला. चालत असेल तर त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरेच अनुकूल आहे, दुसऱ्याचे तितके नाही. साखरपुडा मोडल्यानंतर न्यू जर्सीहून रोज रात्री येणारे व्हॉट्सअॅप संदेश, नवऱ्यापासून वेगळे झाल्यावर दुबईहून येणारे ईमेल, समाजमाध्यमावर ओळख झालेल्या आणि प्रत्यक्षात कधीही न भेटलेल्या माणसाने नवनवी खाती उघडून चालवलेल्या विनवण्या आणि धमक्या, हे सारे एकाच सदरात मोडते. उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा आहे.

या उपायांवर कितपत भिस्त ठेवावी याबद्दल क्षेत्रात काम करणाऱ्यांमध्ये दोन मते आढळतात. एक मत सायबर पोलीस ठाण्यात तपास केलेल्या निवृत्त निरीक्षकाचे, दुसरे कौटुंबिक आणि फौजदारी प्रकरणे चालवणाऱ्या वकील महिलेचे, असे धरून ती पुढे समोरासमोर ठेवली आहेत.

निरीक्षक : तक्रार घेऊन आलेल्या मुलीला खोटी आशा लावू नये, मॅडम. माणूस शिकागोत बसलेला असतो. इथला तपास अधिकारी त्याच्या दारात जाऊ शकत नाही, त्याचा फोन जप्त करू शकत नाही. मग गुन्हा नोंदवून तिच्या हाती पडते काय? त्यापेक्षा नंबर ब्लॉक करावा, खाते खासगी करावे, उत्तर देऊ नये. बहुतेक जण थकून थांबतात.

वकील : आणि जे थांबत नाहीत त्यांचे काय, साहेब? असा माणूस नवा नंबर घेतो, तिच्या बहिणीला लिहितो, ऑफिसच्या मेलवर लिहितो. ब्लॉक केल्याने नंबर थांबतो, माणूस थांबत नाही. पोहोचणे अवघड आहे हे मान्य. पण ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे कारण पोलीस ठाण्याने सांगायचेच नसते.

या मुद्द्यावर वकिलांचे म्हणणे कायद्याला धरून आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९९ नुसार कृत्य एका ठिकाणी आणि त्याचा परिणाम दुसऱ्या ठिकाणी घडला असेल, तर दोन्ही ठिकाणच्या न्यायालयांना अधिकार असतो. संदेश शिकागोत टंकला गेला तरी तो पुण्यात वाचला जातो आणि त्रासही पुण्यातच होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७५ त्याहून पुढे जाते. भारतातला संगणक किंवा संगणकांचे जाळे गुंतलेले असेल, तर त्या अधिनियमातला गुन्हा भारताबाहेर आणि कोणत्याही देशाच्या नागरिकाने केला असला तरी हाच कायदा लागू होतो. पाठवणारा भारतीय नागरिक असेल तर प्रश्न आणखी सोपा. तो जगात कुठेही असला तरी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेली भारतीय न्याय संहिता त्याला लागू आहे.

संपूर्णपणे परदेशात घडलेल्या गुन्ह्याचा खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, ही अट खरी आहे. तिचा आधार घेऊन तक्रारदाराला परत पाठवणे मात्र चूक आहे. बोट्सवानात राहणाऱ्या पतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले की तपासासाठी ही परवानगी लागत नाही. ती लागते न्यायालयाने दखल घेतल्यानंतर, प्रत्यक्ष खटल्यासाठी. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. माहिती ईमेलने किंवा ऑनलाइन दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते, एवढेच.

निरीक्षक : हद्दीचा मुद्दा सोडला. पण गुन्हा कोणता लावणार? ‘मला तुझ्याशी बोलायचे आहे, एकदा उत्तर दे’, असे दिवसाला वीस संदेश. शिवी नाही, धमकी नाही, अश्लील काही नाही. पूर्वी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ होते. ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले.

वकील : ते रद्द व्हायलाच हवे होते. नुसते त्रासदायक वाटणारे लिखाण गुन्हा ठरवणारे कलम सरकारवर टीका करणाऱ्यांवरही वापरले गेले. आता अशा संदेशांसाठी पाठलागाचे कलम आहे, न्याय संहितेचे ७८.

हे कलम २०१३ च्या दुरुस्तीने जुन्या दंड संहितेत ३५४-ड म्हणून आले आणि नव्या संहितेत ७८ झाले. स्त्रीने आपली अनिच्छा स्पष्टपणे दाखवूनही एखादा पुरुष जवळीक साधण्यासाठी तिच्याशी वारंवार संपर्क करतो किंवा करू पाहतो, तर तो गुन्हा आहे. तिच्या इंटरनेट, ईमेल वा इतर इलेक्ट्रॉनिक वापरावर पाळत ठेवणे हेही त्यातच येते. पहिल्यांदा दोष सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत, पुन्हा झाल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दंड. पहिल्या वेळी गुन्हा जामीनपात्र असला तरी दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून हात झटकता येत नाहीत.

यातले दोन शब्दप्रयोग सगळ्या प्रकरणाचा निकाल लावतात : ‘स्पष्टपणे’ आणि ‘वारंवार’. अनेक मुली महिनोन्महिने गप्प राहतात, कारण उत्तर दिले तर तो आणखी बोलू लागेल ही भीती असते. ती भीती खरी आहे. तरीही एकदा, एकाच संदेशात, कारणे न देता आणि चर्चेला जागा न ठेवता ‘यापुढे कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये’ एवढे लिहून ठेवणे पुढच्या प्रत्येक कारवाईचा पाया ठरते. स्वतः लिहायचे नसेल तर वकिलाच्या नोटिशीतून लिहावे. त्यानंतर आलेला प्रत्येक संदेश हा पुरावा होतो, आणि त्यातल्या एकालाही उत्तर देऊ नये.

बचावाचे वकील इथे एक हरकत घेतात, ती माहीत असलेली बरी. कलमाच्या भाषेत पाठलाग आणि संपर्क हे दोन्ही जोडून आले आहेत. हजारो मैलांवरचा माणूस पाठलाग कसा करणार, असा युक्तिवाद होतो. म्हणून तक्रारीत एकट्या ७८ वर विसंबू नये. स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का देणारा किंवा तिच्या खासगीपणावर आक्रमण करणारा मजकूर असेल तर कलम ७९ लागते. त्यातला ‘उच्चारलेला शब्द’ म्हणजे तोंडी बोललेलाच शब्द नव्हे, ईमेलमधले लिखाणही त्यात येऊ शकते, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये याच्या पूर्वीच्या, जुन्या दंड संहितेतल्या कलम ५०९ बाबत म्हटले. धमकी असेल तर कलम ३५१, आणि ती नाव लपवून दिली असेल तर वाढीव शिक्षा. फोटो पसरवण्याची भीती घालून पैसे किंवा दुसरे काही उकळले जात असेल तर खंडणीचे कलम ३०८. खासगी छायाचित्रांसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ६६-ई, अश्लील मजकुरासाठी ६७, लैंगिक कृत्य दाखवणाऱ्या मजकुरासाठी ६७-अ, तोतया खात्यासाठी ६६-सी आणि ६६-डी. या अधिनियमातल्या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो.

पुरुषांना मात्र कलम ७८ चे संरक्षण नाही. परदेशातून सतत छळणारी व्यक्ती धमकी देत नसेल, अश्लील काही पाठवत नसेल, तर पीडित पुरुषाला फौजदारी कायद्यात जवळपास जागाच उरत नाही. ही कायद्यातली उणीव आहे आणि ती भरून निघायला हवी. अठरा वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी असेल तर स्थिती वेगळी आहे. लैंगिक हेतूने बालकाशी डिजिटल माध्यमातून वारंवार संपर्क करणे हा पॉक्सो अधिनियमाच्या कलम ११ खाली गुन्हा आहे आणि त्यात बालक मुलगा की मुलगी असा भेद नाही.

निरीक्षक : समजा, ही सगळी कलमे लावली. पुढे? तो माणूस कोण हे आधी सिद्ध करावे लागते. खाते अमेरिकी कंपनीचे, माहिती अमेरिकेत. तपास अधिकारी पत्र पाठवतो आणि वाट बघत बसतो.

अडचण खरी आहे, पण ती सरसकट नाही. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यामुळे तिथल्या कंपन्यांना संदेशातला मजकूर परदेशी पोलिसांना थेट देता येत नाही. त्यासाठी परस्पर कायदेशीर साहाय्याच्या कराराखाली विनंती करावी लागते. भारतातून ती केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत जाते आणि उत्तराला पुष्कळ काळ लागतो. परंतु खाते कोणत्या नावाने आणि क्रमांकाने उघडले, कोणत्या आयपी पत्त्यावरून वापरले, ही माहिती कंपन्या पोलिसांच्या थेट मागणीवर देऊ शकतात. आणि नकोशा संपर्काच्या प्रकरणात मजकूर मिळवण्याची गरजच सहसा नसते. तो तक्रारदाराच्या फोनमध्ये असतो. हवी असते पाठवणाऱ्याची ओळख.

वकील : आणि ओळख तर बहुतेक वेळा तक्रारदारालाच ठाऊक असते, साहेब. तो मोडलेल्या लग्नातला नवरा असतो, जुना मित्र असतो. त्याचा पासपोर्ट भारतीय असतो, आईवडील सांगलीत किंवा नाशकात असतात, नावावर इथे फ्लॅट असतो. दिवाळीला तो घरी येतो. त्याला तिकडून आणायची गरज नाही. इथे त्याचे जे आहे त्यावर कायदा चालतो.

या वाक्यात बहुतेक यशस्वी प्रकरणांचे मर्म आहे. प्रत्यर्पण मागणे तत्त्वतः शक्य असते. अमेरिकेशी १९९७ चा आणि ब्रिटनशी १९९२ चा करार आहे. दोन्ही देशांत कृत्य गुन्हा असले पाहिजे, ही अटही पाठलागाच्या बाबतीत पूर्ण होऊ शकते. पण तीन वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यासाठी सरकार ही यंत्रणा हलवील अशी अपेक्षा धरू नये. आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची नवी तरतूदही इथे कामाला येत नाही, कारण ती गंभीर गुन्ह्यांतल्या घोषित अपराध्यांपुरती आहे. उपयोगी पडतात ती तीन साधने. न्यायालयाने वॉरंट काढल्यावर पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम १० खाली पासपोर्ट जप्त होऊ शकतो, आणि भारतीय पासपोर्टवर परदेशात व्हिसा घेऊन राहणाऱ्याला हे फार अडचणीचे ठरते. लुकआउट परिपत्रक निघाले असेल तर विमानतळावर उतरताच त्याला अडवता येते. फरार घोषित करण्याची कार्यवाही झाली तर भारतातल्या मालमत्तेवर टाच येऊ शकते. यातले एकही साधन सहसा एफआयआरशिवाय चालू होत नाही. म्हणून एफआयआर करून काय मिळते, या निरीक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर असे की सगळ्या पुढच्या मार्गांचे प्रवेशपत्र मिळते.

पाठवणारा पती असेल किंवा लग्नासारख्या नात्यात एका घरात राहिलेला जोडीदार असेल, तर फौजदारी तक्रारीच्याही आधी विचार करावा असा एक मार्ग आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १८ खाली दंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. त्यात पीडितेशी प्रत्यक्ष, तोंडी, लेखी, इलेक्ट्रॉनिक किंवा दूरध्वनीवरून कोणत्याही प्रकारे संपर्क करण्यास मनाई करता येते. संपर्क थांबवण्याचा आदेश इतक्या थेट शब्दांत देणारी दुसरी तरतूद भारतीय कायद्यात क्वचितच आढळेल. अर्ज स्त्री जिथे राहते, तात्पुरती राहत असली तरी, तिथल्या न्यायालयात करता येतो. पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत असावी असे कायदा सांगतो आणि निकड असेल तर समोरच्याचे न ऐकताही अंतरिम आदेश मिळतो. आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड. आणि हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. नुसत्या साखरपुड्याला हा कायदा लागू होत नाही, आणि घटस्फोटानंतर तो किती उपयोगी पडेल हे प्रकरणाच्या तपशिलावर ठरते. अर्ज करण्यासाठी जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याची मदत मिळते. अनिवासी भारतीय पतींच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात स्वतंत्र कक्षही आहे.

दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागण्याचा रस्ता पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही खुला आहे. परदेशी समन्स बजावण्याची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. भारत हेग समन्स कराराचा सदस्य आहे, ईमेलने बजावणी होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपवर पाठवलेली आणि उघडून पाहिली गेलेली नोटीस बजावली गेल्याचे मानले. पाठवणारा अनोळखी असेल तर ‘अशोक कुमार’ या प्रातिनिधिक नावाने दावा लावण्याची भारतीय न्यायालयांत रूढ पद्धत आहे. मर्यादा एकच, पण मोठी : भारतीय मनाई हुकूम परदेशातल्या न्यायालयाकडून आपोआप अमलात येत नाही.

निरीक्षक : मग सरळ त्याच्याच देशातल्या पोलिसांकडे का जाऊ नये? हे कोणी सुचवतच नाही. तिथला कायदा त्याच्या दारात जाऊ शकतो.

वकील : खर्च, भाषा, वेळ. तिथला वकील परवडणे सगळ्यांना शक्य नाही, साहेब.

निरीक्षक : पोलिसांत तक्रार करायला वकील लागत नाही. तो राहतो त्या शहराच्या पोलिसांना ईमेल करा, फोन करा. तिथला हवालदार एकदा दारात उभा राहिला तरी पुष्कळ फरक पडतो.

इथे निरीक्षकांची बाजू अधिक बळकट आहे, आणि तक्रारदार या मार्गाकडे विनाकारण दुर्लक्ष करतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यात, शीर्षक १८ च्या कलम २२६१-ए मध्ये, छळाच्या किंवा भीती घालण्याच्या हेतूने इंटरनेटसारख्या साधनातून केलेला पाठलाग गुन्हा आहे, आणि त्यात परदेशाशी जोडलेला व्यवहारही धरला आहे. पाठलागाबद्दल दोषी ठरलेल्या परकीय नागरिकाला देशाबाहेर काढण्याची तरतूद अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात आहे, त्यामुळे एच-वन-बी व्हिसावर राहणारा माणूस असली तक्रार हलक्याने घेत नाही. ब्रिटनचा छळ प्रतिबंधक कायदा १९९७ चा आहे. किमान दोनदा घडलेले वर्तन त्याला पुरते, आणि त्याखाली फौजदारी कारवाईबरोबर दिवाणी मनाई हुकूमही मिळतो. सिंगापूरने २०१४ मध्ये आणि न्यूझीलंडने २०१५ मध्ये अशा छळासाठी वेगळे कायदे केले. ऑस्ट्रेलियात दूरसंचार सेवेचा वापर करून छळणे हा संघीय गुन्हा आहे आणि ऑनलाइन छळासाठी ई-सेफ्टी आयुक्त नेमलेले आहेत. कॅनडाच्या दंड संहितेत कलम २६४ आहे. संयुक्त अरब अमिरातीचा २०२१ चा सायबर कायदा भारतीय कायद्यापेक्षा बराच कडक आहे. तक्रार इंग्रजीत, तारीखवार, भारतातल्या एफआयआरची प्रत जोडून पाठवली तर तिचे वजन वाढते. एक सावधगिरी मात्र हवीच. ‘थांबला नाहीस तर तुझ्या कंपनीला कळवीन, व्हिसा रद्द करवीन’ असे त्याला लिहू नये. तक्रार करणे हा हक्क आहे, पण तिची धमकी देऊन काही मागणे तक्रारदारावरच उलटू शकते.

समाजमाध्यम कंपन्यांकडे तक्रार करण्याचा मार्ग दोघांनाही मान्य आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. नग्न किंवा फेरफार केलेली छायाचित्रे आणि तोतया खाती यांबाबत मूळ नियमांतच २४ तासांची मुदत होती. अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते आणि त्याला वकील लागत नाही. भारतीय क्रमांक दिसणारे परंतु परदेशातून येणारे फोन दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर कळवता येतात. महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर वेगळा विभाग आहे.

निरीक्षक : एका गोष्टीवर मात्र तुम्ही माझ्या बाजूने बोला, मॅडम. लोक चिडून सगळे डिलीट करतात आणि मग ठाण्यात येतात.

वकील : त्यात दुमत नाहीच. आधी जतन, मग ब्लॉक.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला तो महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेल्या दाव्यात ध्वनिचित्रफितींचा पुरावा गाजला होता. ही अट आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणून नुसता स्क्रीनशॉट पुरेसा मानू नये. संदेश आलेला मूळ फोन विकू नये, रीसेट करू नये. व्हॉट्सअॅपचा संवाद निर्यात करून ठेवावा, ईमेल पूर्ण हेडरसह जपावे, खात्याचा दुवा आणि वापरकर्त्याचे नाव तारखेसह टिपावे, फोनचे कॉल तपशील वेगळे ठेवावेत. नाव आणि फोटो खाते बदलले की बदलतात. खात्याचा दुवा बहुधा माग सोडतो.

हे सारे वेळेत करावे लागते, कारण माहिती कायम राहत नाही. २०२१ च्या नियमांनुसार काढून टाकलेला मजकूर आणि बंद केलेल्या खात्याची नोंदणी-माहिती कंपनीने १८० दिवस जपायची असते. पोलीस किंवा न्यायालयाने सांगितले तरच त्याहून अधिक. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी कायद्याने तीन वर्षांची मुदत ठेवली आहे, पण ओळख पटवणारी माहिती त्याच्या कितीतरी आधी नाहीशी होऊ शकते. तेव्हा तक्रार करायची की नाही याचा निर्णय नंतर झाला तरी चालेल. नकार लेखी कळवून पुरावा आजच जतन करावा, आणि तक्रार करायची असेल तर सहा महिने उलटू देऊ नयेत.